मॅट्रिक ते मेरिट लिस्ट : मुंबई विद्यापीठातील प्रवेशाचा इतिहास

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी मंजूर झाला. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. तिन्ही ठिकाणी नमुना लंडन विद्यापीठाचा होता आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यात तसे सुचवलेलेच होते. या नमुन्यात शिकवण्याचे काम कॉलेजांचे असे. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते, सुरुवातीला इमारतही नव्हती. टाउन हॉलमधून त्याचा कारभार चाले. अशा संस्थेत ‘प्रवेश’ घ्यायचा म्हणजे तिची पहिली परीक्षा पास व्हायची. त्या परीक्षेचे नाव मॅट्रिक्युलेशन. मराठी बोलण्यात ती लवकरच ‘मॅट्रिक’ झाली आणि शंभर वर्षे तशीच राहिली.

पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. बसलेल्यांपैकी जेमतेम एकवीस-बावीस जण पास झाले, आणि त्यांत महादेव गोविंद रानडे होते. तीनच वर्षांनी, १८६२ मध्ये, विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाची सुरुवात एवढी लहान होती. कॉलेजे मोजकी होती : मुंबईत एल्फिन्स्टन, पुण्यात पूना कॉलेज (ते पुढे डेक्कन कॉलेज झाले), वैद्यकासाठी ग्रँट मेडिकल. मॅट्रिक झालेल्या मुलाला यांपैकी कोणत्याही कॉलेजात नाव घालता येई. जागा किती आणि उमेदवार किती, हा हिशोब कोणाला करावा लागत नव्हता. विद्यापीठाचा प्रश्न एकच होता : हा मुलगा इंग्रजीतून वरचे शिक्षण घेण्याच्या लायकीचा आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची रीत कडक होती. इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित, इतिहास-भूगोल आणि थोडे पदार्थविज्ञान असे विषय असत आणि उत्तरे इंग्रजीत लिहायची. उमेदवाराने अर्ज करायचा, हेडमास्तरांचा दाखला जोडायचा, फी भरायची आणि नेमलेल्या केंद्रावर हजर व्हायचे. गावापासून केंद्रापर्यंतचा प्रवास, तिथे उतरण्याची सोय आणि चार दिवसांचे जेवणखाण हा खर्च फीपेक्षा जड जाई. काठेवाडातील मुले मुंबई आणि अहमदाबाद या केंद्रांतून अहमदाबाद निवडत, कारण ते जवळचे आणि स्वस्त, असे मोहनदास गांधी यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. ते स्वतः १८८७ मध्ये अहमदाबादेहून मॅट्रिकला बसले आणि पास झाले. मग भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. तिथली इंग्रजी व्याख्याने त्यांना झेपली नाहीत आणि एका टर्मनंतर ते घरी परतले. परीक्षेने लायक ठरवलेल्या मुलालाही वर्गात बसल्यावर परके वाटे. रचनेतला हा दोष पहिल्यापासूनचा होता, आणि गांधींसारख्या किती मुलांनी त्यापायी कॉलेज सोडले असेल याची नोंद कुठल्याही निकालपत्रकात सापडत नाही.

भाषेचा वाद तर विद्यापीठाच्या पहिल्या दशकातच उभा राहिला. मॅट्रिकला दुसरी भाषा म्हणून मराठी-गुजराती चालत. १८६० च्या दशकात मात्र मॅट्रिकच्या पुढील परीक्षांतून देशी भाषा काढल्या गेल्या आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांनाच जागा राहिली. त्याचा परिणाम खाली शाळांवर झाला. जो विषय कॉलेजात नाही, तो मॅट्रिकला कशाला घ्यायचा? हुशार मुले संस्कृतकडे वळली. त्यांच्यासमोर मोठे बक्षीसही होते. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेवर मिळे, आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ हा शब्द माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटून राही. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकमध्ये पहिले आले तेव्हा ही शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. देशी भाषांना विद्यापीठात परत आणण्यासाठी रानडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस एम.ए.पुरते यश आले. मॅट्रिकला काही विषयांची उत्तरे मातृभाषेत लिहिण्याची मुभा मिळायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

मॅट्रिक ही नावाला कॉलेजची पायरी होती. व्यवहारात ती नोकरीचा परवाना झाली. कारकुनी, शाळामास्तरकी, पोस्ट, रेल्वे, कचेरी, सगळीकडे ‘मॅट्रिक’ हा शब्द विचारला जाई. बहुतेक वर्षी बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक नापास होत, आणि तरी ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा सांगण्यासारखी लायकी मानली जाई, कारण तिथपर्यंत शिकलेला माणूसच गावात विरळा असे. पास होऊनही कॉलेजात न जाणारे पुष्कळ होते. गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात आले ते अंगावरच्या एका सदऱ्यानिशी, रात्री तो धुऊन सकाळी तोच घालत, अशी आठवण सांगितली जाते. अशा मुलांसाठी खरी प्रवेशपरीक्षा फीची आणि खाणावळीच्या बिलाची होती. शिष्यवृत्ती, वार लावून जेवणे, शिकवण्या आणि एखाद्या नातलगाची ओसरी या आधारांवर एकोणिसाव्या शतकातील मराठी पदवीधरांची मोठी फळी उभी राहिली. त्या काळातील जवळजवळ प्रत्येक चरित्रात हा भाग येतो तो उगीच नाही.

मुलींना मात्र परीक्षेच्या दारातही उभे राहता येत नव्हते. १८७० च्या दशकात एका मुलीला मॅट्रिकला बसू द्यावे म्हणून विचारणा झाली, तेव्हा विद्यापीठाचे नियम पुरुष उमेदवार गृहीत धरून केलेले आहेत, या कारणावर ती नाकारली गेली. कलकत्त्याने आधी दार उघडले आणि मुंबईने १८८३ मध्ये स्त्रियांना परीक्षांना बसण्याची वाट मोकळी केली. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. नियम बदलण्याला एक ठराव पुरला. मुलींना मॅट्रिकपर्यंत नेणाऱ्या शाळा गावोगावी निघायला मात्र पुढची पन्नास वर्षे लागली.

जातीच्या बाबतीत विद्यापीठाच्या नियमांत अडसर नव्हता. अडसर त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या दारात होता. विद्यापीठ स्थापन होण्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि ते प्रकरण वरपर्यंत गेले. शाळाच बंद असेल तर मॅट्रिकचा फॉर्म कोण भरणार? म्हणूनच १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या समाजाने सत्कारसभा भरवली. समाजसुधारक सी. के. बोले सभेला होते, आणि शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढचे पाऊलही केळुसकरांच्याच खटपटीने पडले : बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पार पडले. परीक्षा पास होणे हे एका मुलाचे काम होते. त्याला कॉलेजात टिकवायला एक शिक्षक आणि एक संस्थानिक लागले.

कॉलेजात नाव घातल्यावरही विद्यापीठाची पकड सुटत नसे. प्रत्येक वर्षी ‘टर्म भरणे’ सक्तीचे होते. ठरावीक दिवस हजेरी लागली आणि प्रिन्सिपॉलांनी टर्म मंजूर केली, तरच पुढच्या परीक्षेला बसता येई. पहिल्या वर्षाची ‘प्रीव्हियस’, मग इंटर, मग बी.ए. अशा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर गळती होई. नोकरी करून शिकणाऱ्याला या टर्मच्या अटीने कॉलेजचे दार बंद केले होते. हा भाग सहसा कोणी मांडत नाही, पण मुंबईसारख्या गिरण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या शहरात त्याने हजारो माणसे पदवीपासून दूर ठेवली. डॉ. आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी भरवले, ते याच माणसांसाठी. सकाळी कॉलेज, मग ऑफिस, ही वाट तिथून रुळली.

मुंबई विद्यापीठाच्या बाहेरही काही वाटा निघाल्या. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्याला स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी होती आणि शिक्षण मातृभाषेतून होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि विदर्भाची मुले तिकडे वळली. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथल्या मुलांची वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे आणि उर्दू माध्यमाकडे जाई. गोव्याची गोष्ट आणखी निराळी. पोर्तुगीज अमलात तिथे इंग्रजी शाळा चालत आणि त्यांतली मुले मुंबईच्या मॅट्रिकला बसत, कारण नोकरी मुंबईत होती. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीचे धेंपे कॉलेज आणि मडगावचे चौगुले कॉलेज सुरू झाले ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न म्हणूनच. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये आले, तोवर गोव्याच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर मुंबईचा शिक्का असे.

स्वातंत्र्यानंतर लगेच विद्यापीठाच्या हातातून मॅट्रिक गेली. मुंबई इलाख्यात माध्यमिक शालांत परीक्षेचा कायदा झाला आणि १९४९ पासून एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा सुरू झाली. त्याच सुमारास पुणे, बडोदे, गुजरात आणि कर्नाटक अशी विद्यापीठे वेगळी निघाली आणि मुंबई विद्यापीठाचा प्रदेश आकसला. आता शाळेचा शेवट बोर्ड ठरवू लागले, आणि कॉलेजात कोणाला घ्यायचे हे प्रिन्सिपॉल ठरवू लागले. विद्यापीठाकडे उरले ते पात्रतेचे नियम. या बदलाचे महत्त्व त्या वेळी फारसे जाणवले नाही, कारण जागा अजून पुरत होत्या. अकरावी मॅट्रिक झालेला मुलगा मार्कलिस्ट घेऊन कॉलेजात जाई, प्रिन्सिपॉल किंवा व्हाइस प्रिन्सिपॉल त्याला दोन प्रश्न विचारत, ऑफिसात फी भरली की प्रवेश होई. ‘मॅट्रिक’ हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही तो नाहीच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली केंद्राची शिष्यवृत्ती आजही कागदोपत्री ‘पोस्ट-मॅट्रिक’च आहे, आणि कॉलेजच्या खिडकीवर तिला ‘जी.ओ.आय.’ (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया) म्हणतात. पन्नाशीच्या दशकाअखेरीस यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळू लागली. ती ‘ई.बी.सी.’ सवलत. शेतकऱ्यांच्या आणि लहान पगारदारांच्या घरातली पहिली पिढी कॉलेजात आली ती या तीन अक्षरांच्या बळावर. विद्यापीठाच्या इतिहासात याहून मोठा प्रवेश-सुधार दुसरा झालेला नाही.

मोठा पालट १९७५ मध्ये झाला. कोठारी आयोगाच्या शिफारशीप्रमाणे महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही शेवटची तुकडी बसली. नव्या अकरावी-बारावीचे वर्ग बहुतेक कॉलेजांतच, ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणून, भरू लागले. बऱ्याच राज्यांत मुलगा बारावीपर्यंत शाळेतच राहतो. इथे तो दहावीनंतर गणवेश टाकतो आणि ‘कॉलेजात’ जातो. कागदावर पदवीचा प्रवेश बारावीनंतर होता. प्रत्यक्षात निवड दोन वर्षे आधी सरकली, कारण त्याच कॉलेजातून बारावी झालेल्या ‘इन-हाउस’ विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षाला आधी घ्यावे, असा नियम रूढ झाला. चर्चगेट, माटुंगा, पार्ले किंवा ठाण्याच्या नामांकित कॉलेजात बी.कॉम. करायचे असेल, तर दहावीनंतरच तिथे शिरणे शहाणपणाचे ठरले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या एका परीक्षेवर पुढची पाच वर्षे टांगली गेली. विद्यापीठाने हे मुद्दाम ठरवले नव्हते, आणि म्हणूनच त्यावर नीट विचारही झाला नाही.

याच काळात लायकीचा प्रश्न मागे पडला आणि क्रमांकाचा पुढे आला. पास होणाऱ्यांची संख्या वाढली, तुकडी साधारण एकशेवीसची आणि अर्ज हजारांनी. मग यादी लागू लागली : पहिली मेरिट लिस्ट, दुसरी, तिसरी. कट ऑफ टक्के आणि त्यांचे दशांश वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. राखीव जागांचे प्रमाण पुढे असे ठरले : अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त व भटक्या जमाती ११, इतर मागासवर्ग १९, विशेष मागासप्रवर्ग २. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत धार्मिक किंवा भाषिक कोटा, शिवाय व्यवस्थापनाचा कोटा. गुजराती, सिंधी, तमिळ, दक्षिण भारतीय संस्थांनी काढलेली कॉलेजे मुंबईत पुष्कळ, त्यामुळे आईबाप कोणत्या भाषेचे यालाही टक्क्यांइतकेच महत्त्व आले.

जूनमधल्या त्या आठवड्यांचे स्वरूप एका पिढीला पाठ आहे. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, तो माहितीपुस्तकासह विकत घ्यायचा, म्हणजे सहा कॉलेजांसाठी सहा रांगा. निकालाच्या दिवशी शाळेतून मिळालेली मार्कलिस्ट घेऊन आधी झेरॉक्सच्या दुकानात जायचे. मग राजपत्रित अधिकारी शोधायचा : शेजारच्या इमारतीतले डॉक्टर, ओळखीचे मास्तर, कुणाचे तरी काका. त्यांचा गोल शिक्का प्रत्येक प्रतीवर घ्यायचा. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, परराज्यातून आलेल्याला मायग्रेशन आणि विद्यापीठाचे एलिजिबिलिटी पत्र, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट. एक कागद कमी असला तर खिडकीवरून ‘उद्या या’. यादी काचेच्या फलकात लागे आणि त्यासमोर मुले आणि आया बोटाने ओळी चाचपत उभ्या असत. फी भरायला दोन-तीन दिवस, नाहीतर जागा गेली. तहसील कचेरीत ज्याची ओळख नाही आणि एक दिवसाची रजा ज्याच्या बापाला परवडत नाही, त्याच्यासाठी ही कागदांची परीक्षा बोर्डाच्या परीक्षेइतकीच अवघड होती. पुढे स्वयंसाक्षांकन चालू लागले आणि शिक्क्याचा फेरा सुटला, दाखल्यांचा मात्र नाही.

वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका यादीत कसे लावायचे, यावर २००८ ते २०१० ही तीन वर्षे सलग कोर्टात गेली. वाद अकरावीचा होता, पण इन-हाउस नियमामुळे तो पदवीचाही होता. सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा एस.एस.सी.च्या मुलांना आणि दहा टक्के इतर बोर्डांना असा निर्णय आला, तोही टिकला नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली. उच्च न्यायालयाने ती नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. राज्य बोर्डाच्या मराठी शाळांना आपली मुले मागे पडतात असे वाटत होते, इतर बोर्डांना आपल्यावर अन्याय होतो असे वाटत होते, आणि दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे मार्क एकाच मापाने मोजता येत नाहीत. १८५९ मध्ये हा पेच नव्हता, कारण प्रश्नपत्रिका एकच होती आणि ती विद्यापीठ काढत होते.

मुंबई परिसरातील अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले आणि २०२५ मध्ये ती केंद्रीय पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. पदवीच्या प्रवेशात विद्यापीठाने मधला मार्ग धरला. विद्यार्थी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करतो, त्याचा क्रमांक घेतो, आणि मग हव्या त्या प्रत्येक कॉलेजकडे अर्ज करतो. वेळापत्रक विद्यापीठाचे, गुणवत्ता यादी कॉलेजची. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आठशेच्या वर संलग्न कॉलेजे या एका वेळापत्रकावर चालतात. त्यांतल्या मोजक्या कॉलेजांत नव्वदीच्या वरचा कट ऑफ लागतो आणि पुष्कळ ठिकाणी जागा रिकाम्या राहतात. ज्यांना रोजचे कॉलेज जमत नाही त्यांच्यासाठी विद्यापीठाने १९७१ मध्ये बहिःस्थ शिक्षणाची सोय केली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने, १९८९ नंतर, बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून बी.ए.कडे नेले. शाळा अर्धवट सोडलेल्या बायका, हवालदार, रिक्षावाले पदवीधर झाले ते या वाटेने.

अलीकडे प्रवेशपरीक्षा पदवीच्या दारात पुन्हा आली आहे. नव्वदीच्या दशकाअखेरीस सुरू झालेला बी.एम.एस. हा मुंबई विद्यापीठाचा लोकप्रिय विनाअनुदानित अभ्यासक्रम २०२४ पासून, बी.बी.ए. आणि बी.सी.ए.सह, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला, आणि त्यासाठी राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची परीक्षा लागू झाली. बऱ्याच कॉलेजांनी ती टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केले आणि बारावीच्या मार्कांवर प्रवेश चालू ठेवले. त्यामुळे आज एकाच आवारात, जवळजवळ त्याच विषयासाठी, एक विद्यार्थी सी.ई.टी. देऊन येतो आणि दुसरा मेरिट लिस्टमधून.